चालू मोटरीची पाळी

सुट्टीवर तेलगावला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, तुमी तिकडं नेमकं करता काय?" डॉक्टर असते तर एका शब्दात सुटले असते. मी सांगते, "सल्लागार हाय. धंद्याचा सल्ला देते." मग समोरचा माणूस माझ्याकडे दयेनं बघतो. आमच्या भागात सल्ला ही फुकट मिळणारी वस्तू आहे. पारावर, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, न मागता मिळते. त्यासाठी कुणी विमानाचं तिकीट पाठवून माणूस बोलावतं, यावर माझ्या नणंदेचा अजून विश्वास बसलेला नाही. ती नेकनूरला असते. तिनं सगळीकडे सांगून ठेवलंय की वैनी आफ्रिकेत कुठल्या तरी हापिसात कामाला हाय. मी दुरुस्त करत नाही, कारण तेही खोटं नाही.

काम काय असतं ते सांगते. एखादा कारखाना, दुकान, दूध डेअरी चालेनाशी होते. का चालत नाही ते मालकाला ठाऊक असतं, कामगारांना तर त्याच्या आधी ठाऊक असतं. पण जो बोलेल त्याला त्याच गावात राहायचं असतं, म्हणून कुणी बोलत नाही. मग बाहेरचं माणूस बोलावतात. ते येतं, सगळ्यांचं ऐकून घेतं, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट मोठ्यानं बोलतं आणि निघून जातं. माझे यजमान सिरसाळ्याला शाळेत शिकवतात, आम्ही घरात त्यांना मास्तरच म्हणतो. त्यांचं म्हणणं, "सोयरीक जमवण्यासारखंच हाय हे. जमली तर दोनी घरं म्हणत्यात आमीच जमवली. मोडली की मधल्याच्या नावानं खडे." यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

मी या धंद्यात शिरले ती सरळ दारानं नाही. तेलगावच्या अलीकडे सरकीची एक तेलमिल होती. तिथं मी ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले आणि व्यवस्थापक म्हणून बाहेर पडले. बाहेर पडले म्हणजे मिलच बंद झाली. तिघं भागीदार होते. तिघांनी एका टेबलाशी बसणं सोडलं आणि एक दिवस मिल विकून मोकळे झाले. मशीन टांझानियातल्या एका पार्टीनं घेतलं. आता ते सोडवलेलं मशीन तिकडं उतरवून घ्यायचं, कुठला भाग कुठल्या पेटीत आहे ते सांगायचं, याला इकडचं माणूस हवं होतं. दोन फिटर आणि मी अशी आमची वरात निघाली. वय सत्तेचाळीस. त्याआधी मी विमान पाहिलं होतं ते खाटेवर पडून, आभाळातलं.

तिथं मला ग्रेस भेटली. दार-ए-सलामच्या एका सल्लागार कंपनीची ती साहेब, मशीन बसवण्यावर देखरेख करायला आलेली. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, बोलायला तिखट, कामाला वाघ. आमचे फिटर आणि तिथले कामगार पहिल्या दिवसापासून एकमेकांवर गुरगुरत होते. मी दोघांचं जेवण एकाच वेळी, एकाच झाडाखाली लावलं आणि भाजी मीच वाढायला लागले. वाढणाऱ्या बाईसमोर माणसं फार भांडत नाहीत. ग्रेसनं ते पाहिलं असावं. मशीन बसल्यावर ती म्हणाली, "परत जाऊन काय करणार?"

मी खरं ते सांगितलं, "माहीत नाही."

"मग इथं काम कर. सहा महिने चाचणी. जमलं तर ठेवून घेऊ, नाही जमलं तर तिकीट काढून देऊ."

घरी येऊन हे सांगितलं तर नणंद माझ्यापुढे फतकल मारून बसली. "वैनी, या वयात कावून गं? माणसं या वयात नातवंडं सांभाळत्यात."

"नातवंडं अजून झाली न्हाईत, वन्सं. तवर जाऊन येते."

"अन् दादाचं कसं व्हायचं?"

दादा म्हणजे मास्तर. ते दारात चप्पल घालत होते. तिथूनच म्हणाले, "दादाला भाकरी थापता येती. तुला दाखवू का थापून?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जा. इथं बसून तू माझं डोकं खाशील, त्यापरीस तिकडच्या लोकांचं खा." त्यांच्या तोंडून यापेक्षा गोड बोलणं निघत नाही. मी गेले.

पहिले काही महिने मी दुसऱ्यांच्या मागे मागे फिरून काम शिकले. काही गोष्टी तिथं शिकले, काही बीड जिल्ह्यातूनच घेऊन गेले होते. पहिले दोन दिवस काही विचारायचं नाही, चहा होतो तिथं जाऊन बसायचं. भांडणाऱ्यांपैकी एकाच्या घरी जेवलात तर दुसऱ्याच्याही जेवायचं, नाहीतर दोन्हीकडे उपाशी राहायचं. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका हॉटेलमालकानं मला जेवायला बोलावलं, मुलगा ताटं वाढत होता, आणि मालक माझ्या कानाशी लागून म्हणतो, "हा नालायक आहे असं अहवालात लिहा. मी सांगितलं तर त्याची आई रागावते." मी म्हटलं, "मी लिहिलं तर तुमच्या बायकोची समजूत कोण घालणार?" तो विचारात पडला आणि मी पोटभर जेवले. असली कामं मला आवडायची. पण ती ग्रेसच्या पदराखालची होती. माझी स्वतःची परीक्षा चाचणीच्या शेवटी आली.

व्हिक्टोरिया सरोवराच्या अलीकडे एका गावी सरकीच्या तेलाची मिल होती. मी गाडीतून उतरले आणि मला हसूच आलं. कापसाचं रान, बाभळीसारखी काटेरी झाडं, त्यात शेळ्या. एवढी उड्डाणं करून मी पुन्हा तेलगावलाच उतरले होते.

मिल उभी केली ती बापानं. तो गेल्यावर दोन मुलांत वाटणी झाली. थोरली नीमा पन्नाशीची, उंच, डोक्याला रंगीत कापड बांधणारी. तिच्याकडे तेलाची शेड. धाकटा जोसेफ दहा वर्षांनी लहान, त्याच्याकडे साबणाची शेड. जमीन वाटली, गाड्या वाटल्या, कामगारसुद्धा वाटले. राहिला एक बॉयलर. सरकी शिजवायला वाफ लागते आणि साबण उकळायलाही वाफच लागते, आणि वाफ करणारं भांडं एकच. सकाळची पाळी नीमाची, दुपारनंतरची जोसेफची. बाप गेल्यापासून बहीण-भाऊ एकमेकांशी अक्षर बोलले नव्हते.

उरलेली वाटणी करून द्या म्हणून दोघांनी ग्रेसच्या कंपनीला बोलावलं होतं. ग्रेसनं मला निघताना सांगितलं, "बॉयलरचाही निकाल लाव. एकाला तो द्यायचा, दुसऱ्यानं नवा घ्यायचा. घेण्याची ऐपत नसेल तर मिल विकायची, घेणारा तयार आहे. वाटणीचा आराखडा घेऊन ये. आणि मामा, तुझी चाचणी या कामावर ठरणार." तिकडे वयानं मोठ्या बाईला मामा म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या परळीच्या मामांची आठवण झाली होती, आता सवय झाली.

म्हणजे माझ्यापुढे रस्ता सरळ होता. आराखडा करायचा, नोकरी पक्की करायची. मिल विकली जाणार हे मला पहिल्या दिवशीच दिसलं, कारण नवा बॉयलर घेण्याची दोघांचीही ऐपत नव्हती. पण मिल विकल्यावर काय होतं ते मी तेलगावला पाहिलेलं होतं. आमच्या मिलच्या फाटकाला आता वेल चढलाय. तिथल्या हमालांपैकी कितीतरी जण पोरंबाळं घेऊन कोयता उचलायला, म्हणजे ऊसतोडीला जायला लागले. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. त्या तिघा भागीदारांना कुणीतरी कान धरून एका जागी बसवायला पाहिजे होतं, याची हळहळ मला आजही वाटते.

म्हणून मी आराखडा लिहायला न बसता बॉयलरपाशी जाऊन बसले. दुपारी पाळी संपताना नीमाचा फायरमन आला आणि त्यानं भट्टीतली सगळी आग ओढून बाहेर काढली, पाणी मारून विझवली, वाफ सोडून दिली. मी विचारलं, "असं का?"

नीमा म्हणाली, "माझी पाळी संपली. माझ्या सरपणावर त्याचा साबण का उकळावा?"

जोसेफ आला तो थंड बॉयलरवर. पुन्हा सुरुवातीपासून भट्टी पेटवायची, वाफ चढेपर्यंत त्याची माणसं बसून. संध्याकाळी त्यानं तेच केलं, वर बॉयलरातलं पाणीही काढून टाकलं, म्हणजे सकाळी बहिणीला पाण्यापासून सुरुवात. दिवसातून दोनदा तापवायचा, दोनदा गार करायचा. मिलमध्ये उमर गेलेली मी. असं केलं की बॉयलरच्या नळ्यांचे जोड सुटतात हे सांगायला मला इंजिनिअर लागत नव्हता. जोड गळायला लागलेही होते. बॉयलर कुणाला द्यायचा हे ठरेपर्यंत देण्यासारखा बॉयलर उरला नसता.

मी तिथं लाकडाच्या ढिगावर बसून तोंडातल्या तोंडात म्हणाले, "अरे, ही तर सिरसाळ्याची विहीर हाय."

सिरसाळा माझं माहेर. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचा धाकटा भाऊ तात्या यांची शेतं वाटली, विहीर सामाईक राहिली. विहीर कुणी वाटत नाही, तिला पाळी लावतात. लाइट आठ तास, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. त्यातले निम्मे तास आबांचे, निम्मे तात्यांचे, पहिली पाळी आलटून-पालटून. दोघांत बांधावरून भांडण झालं आणि बोलणं तुटलं. मग ज्याची पाळी संपेल तो मोटर बंद करून घरी जायचा. आमचा फूटवॉल, पाइपाच्या बुडाची झडप, गळका, मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी उतरून जायचं. पुढच्यानं बादल्यांनी पाइप भरायचा, हवा काढायची, तोवर त्याची निम्मी लाइट गेलेली. दोघांचीही पिकं वाळायला लागली, पण दोघंही एकमेकांची जिरवण्यात खूश.

शेवटी गावातल्या चार माणसांनी दोघांना बसवलं. भांडण मिटवायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. त्यांनी एवढंच ठरवलं की पाळी चालू मोटरीवर द्यायची. देणाऱ्यानं आपली वेळ झाली की पाणी भावाच्या पाटात वळवायचं आणि तो येईपर्यंत जागचं हलायचं नाही. भावाच्या रानात त्याच्या पिकाची दारं धरत, सरीसरीत पाणी सोडत उभं राहायचं. गडी पाठवायचा नाही, स्वतः यायचं. आमच्याकडे तेव्हापासून सगळे याला 'चालू मोटरीची पाळी' म्हणतात.

आबा आणि तात्या कित्येक वर्षं रोज असे समोरासमोर आले. बोलत नसत. एकानं खोरं टेकवायचं, दुसऱ्यानं उचलायचं, झालं. एक दिवस आबांची वेळ झाली आणि आबा आले नाहीत. तात्या आमच्या हरभऱ्याला पाणी देत उभे राहिले. बराच वेळ वाट बघून त्यांनी मोटर बंद केली. रानातल्या घरात आई दचकली, "मोटर कावून बंद पडली?" ती बाहेर पळाली तोवर तात्या बांधावरून शोधत निघाले होते. आबा वाटेत लिंबाखाली छाती धरून बसलेले सापडले. तात्यांनी त्यांना जीपमध्ये घालून बीडला नेलं. आबा पुढं पुष्कळ जगले आणि तात्यांशी बांधावरून पुष्कळ भांडलेसुद्धा, पण बोलून भांडले.

नीमा आणि जोसेफला मी हे सगळं सांगितलं नाही. दोघांना वेगवेगळं गाठून एवढंच म्हटलं, "बॉयलर तापलेला द्यायचा. पुढचा येईपर्यंत त्याच्यासाठी आग राखायची. रात्री ती राखेखाली दाबून ठेवायची आणि सकाळी हातात द्यायची. नोकरावर सोडायचं नाही. पंधरा दिवस करा, मग म्हणाल तसा आराखडा लिहून देते."

जोसेफ म्हणाला, "ती समोर असेल तर मी येणार नाही."

नीमा म्हणाली, "मी त्याच्यासाठी लाकूड टाकू? त्यापेक्षा मिल विकलेली बरी."

माझं डोकं फिरलं. इंग्रजी संपलं आणि मी चक्क आमच्या भाषेत सुरू झाले, "मग विका! बापानं जलमभर राबून उभी केली ती विका, अन् बसा मग एकमेकाचं तोंड न बघता! मी कशाला खामखा मरायलेय मधी?" नीमाला एक शब्द कळला नसणार. पण ती म्हणाली, "माझी आई अशीच ओरडायची." दुसऱ्या दिवसापासून ती तयार झाली. बहीण तयार झाली हे कळल्यावर जोसेफला मागे राहणं जमेना.

पहिल्याच दुपारी नीमानं स्वतःऐवजी मॅनेजरला पाठवलं. मी त्याला परत पाठवला. दोन्ही शेडचे कामगार काम सोडून दारात जमलेले. नीमा आली ती तणतणत. वेळ झाली, जोसेफचा पत्ता नाही. वाफेचा काटा चढलेला, जादा वाफ सोडणारा सेफ्टी वॉल फुसफुसायला लागलेला.

"बंद करा," नीमा म्हणाली. "त्याला यायचंच नाही."

"तो येईपर्यंत हलायचं नाही," मी म्हटलं. "आग कमी करा, विझवायची नाही."

"आणि आलाच नाही तर?"

तो न येता तर माझं काम तिथंच संपत होतं, चाचणीही आणि या वयात धरलेला हा सगळा हट्टही. मनातून मी घाबरले होते हे खरं. पण मी तिथून उठले नाही. मग नीमाही लाकडाच्या ढिगावर माझ्याशेजारी बसली. काटा खाली यायला लागला तेव्हा तीच उठली, फावडं घेतलं आणि सरकीची टरफलं भट्टीत लोटायला लागली. काजळी तोंडावर, डोक्यावरचं कापड सुटलेलं, आणि घामानं निथळत भावाच्या साबणासाठी आग राखत होती.

जोसेफ आला तो मुद्दाम उशिरा, गार बॉयलर बघायच्या तयारीनं. दारात थबकला. बहिणीकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "फावडं उलटं धरलंयस तू. हात भाजेल."

"मग ये आणि तू धर," नीमा म्हणाली.

कामगार हसले, तशी दोघांनी त्यांना एका सुरात हाकललं. मला तिथंच रडू आलं. धुराचं निमित्त करून मी बाहेर गेले.

पंधरा दिवसांनी दोघं एकत्र माझ्यापुढे बसले. गळ्यात गळे काही पडले नव्हते. साबणाला कुठलं तेल द्यायचं यावरून वादच चालला होता. पण मिल विकायची नाही, बॉयलर सामाईक राहील, पाळी तापलेल्या बॉयलरवर, यावर दोघांचं एकमत होतं. मी तसा अहवाल लिहिला. तो इतका छोटा झाला की मलाच संकोच वाटला.

ग्रेसनं तो वाचला. पुन्हा वाचला. "मामा, मी वाटणी मागितली होती."

"हो."

"विक्रीचं काम आपल्याकडे येणार होतं. वरच्या लोकांनी ते गृहीत धरलं होतं. आता मी त्यांना काय सांगू?"

"मिल चालू आहे असं सांग."

"दुसरा अहवाल लिहून दे. वाटणी हाही एक पर्याय आहे, एवढं तरी लिही. मी तुला ठेवून घेऊ शकते."

खरं सांगते, मला मोह झाला. तेलगावला जाऊन नणंदेला काय सांगायचं, हे आधी डोळ्यांपुढे आलं. पण नीमाच्या तोंडावरची काजळीही आली. मी म्हटलं, "नाही लिहिणार. तो पर्याय आता त्यांच्या कामाचा नाही."

ग्रेसनं मान हलवली. ती वाईट बाई नव्हती. ती म्हणाली, "मग मी तुला ठेवू शकत नाही. तिकिटाचं सांगते."

मी मास्तरांना तिथूनच फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "मंग? येतीस का घरी?"

"न्हाई येत," मी म्हटलं. "काम येतंय मला. नोकरी गेली म्हणून काम कावून सोडू? तिकीट आलं तर परत करते. एक खोली घेते अन् पाटी लावते."

"लाव," ते म्हणाले. "नाव मोठ्या अक्षरात लिही. अन् जेवत जा येळंवर."

फोन ठेवून मी पर्स खांद्याला लावली. ग्रेस खिडकीशी उभी होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण मी घरी चाललेली नाही हे तिला कळलं असावं. मी दारापर्यंत पोचले तेव्हा ती म्हणाली, "मामा, एक मिनिट. कामाचं नाही. माझं स्वतःचं आहे."

मी थांबले.

"मी आणि माझी धाकटी बहीण. चार वर्षं झाली, बोलत नाही. घर वाटलं, शेत वाटलं. तरी काही मिटलं नाही."

"सगळं वाटलं म्हणतेस," मी म्हटलं. "असं काय राहिलंय, जे तुम्हा दोघींत वाटता येत नाही?"

ती खिडकीकडे वळली आणि तिकडे बघतच म्हणाली, "आई."

मी पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस. आई सध्या कुणाकडे आहे, ते आधी सांग."